एक्स-रे वाचणारं यंत्र आणि विद्यापीठातली नोकरी

आमच्या ऑफिसात सध्या एक नवीन साथ आली आहे. ज्याला त्याला नोकरी सोडून विद्यापीठात रिसर्च पोझिशन हवी आहे, आणि तीही 'मेडिकल इमेजिंगमधलं मशीन लर्निंग' याच विषयात! जाहिराती वाचल्या तर त्यात सगळं आपलंच दिसतं. पायथन, पायटॉर्च, न्यूरल नेटवर्क. पगार कमी, पण समाधान जास्त, असा एकंदर हिशोब.

या मंडळींना मला अजिबात अडवायचं नाही. फक्त अर्ज करण्याआधी या क्षेत्राचा थोडा इतिहास ठाऊक असलेला बरा. कारण इथे एकदा असं झालंय की प्रोग्रॅमने त्याचं काम चोख केलं, आणि तरीही पेशंटच्या पदरात काही पडलं नाही.

गोष्ट सुरू होते शिकागो विद्यापीठात. १९६०च्या दशकात काही जणांनी कॉम्प्युटरकडूनच थेट निदान करून घ्यायचा प्रयत्न केला होता. ते काही जमलं नाही. १९८०च्या दशकात शिकागोच्या रेडिओलॉजी विभागात कुनिओ दोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपेक्षा खाली आणली. निदान डॉक्टरनेच करायचं. कॉम्प्युटरने फक्त "इथे एकदा बघा हं" एवढं म्हणायचं. म्हणजे दुसरं मत.

त्यांनी ज्यावर काम केलं त्यातलं एक म्हणजे मॅमोग्राफी, स्तनांचा एक्स-रे. त्यात कधी कधी कॅल्शियमचे अगदी बारीक ठिपके पुंजक्याने दिसतात, आणि ती कॅन्सरची सुरुवात असू शकते. दिवसभर फिल्म बघून थकलेल्या डोळ्यांना ते सहज चकवतात. १९९४ साली याच गटाने हे ठिपके शोधायला न्यूरल नेटवर्क वापरलं, आणि तेही आज आपण ज्याला कन्व्होल्यूशनल म्हणतो त्याच जातीचं. आपल्याला वाटतं हे सगळं २०१२नंतरचं!

प्रयोगशाळेतले निकाल चांगले होते. विद्यापीठाचं तंत्रज्ञान आर-टू टेक्नॉलॉजी नावाच्या कंपनीने घेतलं, आणि १९९८ साली तिच्या 'इमेजचेकर'ला अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली. रेडिओलॉजिस्टने आधी स्वतः फिल्म वाचायची, मग बटण दाबून यंत्राच्या खुणा बघायच्या. विमा योजना त्याचे जादा पैसे देऊ लागल्या. यंत्रं धडाधड बसली.

आणि मग २००७ साली जोशुआ फेंटन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ४३ केंद्रं, २,२२,१३५ स्त्रिया, ४,२९,३४५ मॅमोग्राम. यातल्या ७ केंद्रांनी मधल्या काळात हे यंत्र घेतलं होतं. निकाल काय? निरोगी बाईला "काही नाही, घरी जा" असं बरोबर सांगण्याचं प्रमाण ९०.२ टक्क्यांवरून ८७.२वर घसरलं. बायॉप्सी १९.७ टक्क्यांनी वाढल्या. आणि सापडलेले कॅन्सर? हजारी ४.१५ होते ते ४.२० झाले, म्हणजे जवळजवळ जैसे थे.

तीन टक्के म्हणजे किरकोळ वाटतं ना? पण त्या तीन टक्क्यांतल्या प्रत्येक बाईला परत बोलावणं गेलं. पुढचा रिपोर्ट हातात येईपर्यंत तिची आणि तिच्या घरच्यांची झोप उडाली, आणि शेवटी काहीच निघालं नाही.

असं का झालं? साधं गणित आहे. हजार स्त्रियांत चार-पाच कॅन्सर. यंत्र दर तपासणीला सरासरी दोन चुकीच्या खुणा करतं असं धरलं, तर चार-पाच खऱ्यांसोबत दोन हजार खोट्या खुणा आल्या. प्रयोगशाळेतल्या चाचणीत मात्र कॅन्सरची चित्रं मुद्दाम जास्त घातलेली असतात, आणि तिथल्या उत्तराने कुणाच्या अंगात सुई जाणार नसते. दवाखान्यात समोर खूण दिसत असताना तिच्याकडे दुर्लक्ष करायला हिंमत लागते. उद्या तिथेच काही निघालं तर? त्यापेक्षा बोलवा परत.

२०१५ साली कॉन्स्टन्स लेमन आणि सहकाऱ्यांनी ३,२३,९७३ स्त्रियांचा, डिजिटल मॅमोग्राफीचा अभ्यास केला. निष्कर्ष तोच, फायदा नाही. मंजुरीला तोवर १७ वर्षं झाली होती.

आता दुसरी बाजू. स्वीडनमध्ये प्रत्येक मॅमोग्राम दोन रेडिओलॉजिस्टनी वाचायची पद्धत होती. लुंड विद्यापीठाच्या क्रिस्टिना लाँग आणि सहकाऱ्यांनी ८०,०३३ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटात नेहमीची पद्धत. दुसऱ्यात एआयने आधी धोक्याचा अंदाज द्यायचा. कमी धोका असेल तर एकाने वाचायचं, जास्त असेल तर दोघांनी. २०२३ साली पहिले निकाल आले. हजारी ५.१च्या जागी ६.१ कॅन्सर सापडले. निरोगी असून परत बोलावलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे दीड टक्काच, आणि वाचनाचं काम ४४.३ टक्क्यांनी कमी. (जास्त सापडले म्हणजे तेवढे जीव वाचले, असं लगेच म्हणता येत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागते.)

मधल्या काळात मॉडेल सुधारली, हे खरंच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. स्वीडनमध्ये नुसत्या मॉडेलची परीक्षा घेतली नाही. कोणती फिल्म किती जणांनी वाचायची, ही सगळी पद्धतच तपासली, आणि तीही खऱ्या स्त्रियांच्या खऱ्या तपासणीत. आपल्या भाषेत सांगायचं तर शिकागोचा कोड युनिट टेस्ट पास होता. प्रॉडक्शनमध्ये काय होतं ते कुणीतरी नीट मोजेपर्यंत नऊ वर्षं गेली.

तेव्हा मुलाखतीला गेलात तर तुम्हीही दोन प्रश्न विचारा. चित्रांवर खुणा कोण करतं, आणि मला त्या रेडिओलॉजिस्टच्या शेजारी आठवडाभर बसायला मिळेल का? दुसरा, मॉडेल तयार झालं की ते दवाखान्यात तपासायला पैसे आणि माणसं आहेत का? "ते नंतर बघू" असं उत्तर आलं, तरी खुशाल जा. फक्त ते 'नंतर' आपल्यालाच बघावं लागणार आहे, या तयारीने जा.