इंद्रवज्र
खालच्या धुक्यावर वा ढगावर पाहणाऱ्याच्या सावलीच्या डोक्याभोवती उमटणारी रंगीत वर्तुळे. तांबडा रंग बाहेर, निळा आत. सूर्य पाठीशी लागतो, म्हणून हरिश्चंद्रगडाच्या पश्चिमाभिमुख कोकणकड्यावर ती सकाळी दिसू शकतात. थेंब जितके बारीक, तितकी वर्तुळे मोठी. नुसत्या प्रणमन-परावर्तनाने हा प्रकार उलगडत नाही. प्रकाशाचे तरंगस्वरूप विचारात घ्यावेच लागते. गंमत अशी, की शेजारच्याला ती त्याच्याच डोक्याभोवती दिसतात, आपल्या नव्हे! स्कॉटलंडच्या बेन नेव्हिसवर 1894 मध्ये ती पाहून भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन प्रयोगशाळेत ढग बनवू लागले. त्यातून विद्युतभारित कणांचे मार्ग दाखवणारी बाष्पकोठी निघाली आणि 1927 च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. गड चढवत नसेल, तर विमानात उन्हाच्या विरुद्ध बाजूची खिडकी घ्यावी आणि ढगावरच्या विमानाच्या सावलीकडे पाहावे.