चुकलेलें गणित

शाळेंत गणित शिकवितांना माझा एक हट्ट असे: चुकलेलें उदाहरण मुलांनीं वहींतून खोडून टाकूं नये, मला दाखवावें. हाच नेम छापील ग्रंथांत पाळणाऱ्या एका शिक्षकाची हकीगत आज सांगावयाची आहे.

ल्यूइस फ्राय रिचर्डसन १८८१ सालीं इंग्लंडांत, क्वेकर घराण्यांत जन्मले. १९१३ मध्यें ते हवामानखात्याच्या एस्कडेलमूर वेधशाळेचे प्रमुख झाले. वारा, उष्णता व हवेचा दाब यांचे नियम समीकरणांत मांडतां येतात; मग आजच्या आंकड्यांवरून उद्यांची हवा गणितानेंच कां काढूं नये, हा त्यांचा प्रश्न. महायुद्धांत शस्त्र न धरतां ते १९१६ पासून फ्रान्समध्यें जखमी सैनिकांची गाडी चालवीत होते. तेथेंच, थंडगार खोलींत गवताच्या ढिगावर बसून, त्यांनीं २० मे १९१० या दिवसाचें उदाहरण हातानें सोडविलें. सहा तासांतला फरक काढावयास सुमारें सहा आठवडे गेले, आणि उत्तर आलें, दाब १४५ मिलिबारांनीं वाढेल! प्रत्यक्षांत तो जवळजवळ स्थिर होता. पुढें लढाईच्या धामधुमींत हस्तलिखित हरवलें. तें कांहीं महिन्यांनीं बेल्जममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें.

१९२० सालीं हवामानखातें विमानमंत्रालयाकडे गेलें, तेव्हां रिचर्डसन यांनीं राजीनामा दिला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ट्रेनिंग कॉलेजांत भावी शिक्षकांना पदवीपर्यंतचें पदार्थविज्ञान व गणित शिकवूं लागले. संशोधन मात्र सोडलें नाहीं. १९२२ च्या ग्रंथांत तें फसलेलें उदाहरण सर्व कोष्टकांसह छापलें, आणि दोष आरंभींच्या वाऱ्याच्या नोंदींत असावा, हेंही लिहिलें. चौसष्ट हजार गणक एका विशाल सभागृहांत बसून पृथ्वीची हवा मोजीत आहेत, असें स्वप्नही त्यांत रंगविलें आहे. १९२६ मध्यें ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. तरीही १९२९ सालीं लंडन विद्यापीठाची परीक्षा देऊन मानसशास्त्राची पदवी मिळविली. शिकविणाऱ्यानें पुन्हां परीक्षेस बसावें, याचें मॅट्रिकवर थांबलेल्या मजसारख्यास फार कौतुक वाटतें.

१९५० सालीं अमेरिकेंत चार्नी, फ्योर्टोफ्ट व फॉन नॉयमन यांनीं एनिअॅक या यंत्रावर, समीकरणें पुष्कळ सोपीं करून, हवेचें भाकीत काढलें. चोवीस तासांच्या भाकितास सुमारें चोवीस तासच लागले. रिचर्डसन यांस ही वार्ता कळली. १९५३ मध्यें ते वारले. पुढें आयर्लंडच्या पीटर लिंच यांनीं तेंच उदाहरण पुन्हां मांडलें. दाब व वारा यांच्या आरंभींच्या नोंदींचा मेळ बसवून पाहतांच सहा तासांतला फरक एका मिलिबाराच्या आंत आला.