आधी काय आले : भूकंप की आग?

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्को हादरले. धक्का जेमतेम मिनिटभराचा. पण त्यातून लागलेली आग तीन दिवस विझली नाही. जमिनीखालचे पाण्याचे नळ फुटल्याने बंब कोरडे पडले. आग अडवण्यासाठी सुरुंगाने इमारती उडवल्या, तर त्यातूनही नव्या आगी लागल्या. सुमारे २८,००० इमारती गेल्या. ४ लाख वस्तीच्या शहरात निम्म्याहून अधिक माणसे उघड्यावर आली.

या प्रलयाची वर्णने पुष्कळ आहेत. मला त्यात गुंतवले ते विमापत्रातल्या एका कलमाने. तेथील घरमालकांचा विमा आगीचा होता, भूकंपाचा नव्हता; काही पत्रांत तर भूकंप नाव घेऊन वगळलेला होता. शिवाय बहुतेकांत आणखी एक अट असे : आगीखेरीज अन्य कारणाने इमारत किंवा तिचा भाग पडला, तर विमा त्या क्षणी संपला. म्हणजे धुराडे आधी ढासळले आणि घर दुसऱ्या दिवशी जळाले, तर काय? राखेच्या ढिगाकडे बघून क्रम कोण सांगणार?

लोकांना हे कलम फार लवकर कळले. लष्कराच्या संदेश विभागातल्या कॅप्टन वाइल्डमन यांनी नोंदवले आहे की, एका वस्तीतले लोक आपलीच घरे पेटवत असल्याचे त्यांना अग्निशामक दलाच्या जवानाने सांगितले. आग लागल्याखेरीज पैसे मिळणार नाहीत, असे त्या लोकांच्या कानावर आले होते. या माणसांना लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भिंत तडकलेले घर कवडीमोल आणि तेच जळाले तर भरपाई, हा हिशेब त्यांनी लिहिलेला नव्हता.

कंपन्यांचे वागणे एकसारखे नव्हते. लंडनच्या लॉइड्समधले कथबर्ट हीथ यांनी कलमांचा कीस न पाडता सर्व विमेदारांना पूर्ण रक्कम देण्याची तार केली, आणि अमेरिकेत लॉइड्सचे नाव झाले ते तेव्हापासून. काही कंपन्यांनी, त्यांत जर्मन कंपन्याही होत्या, सरळ हात वर केले. मधल्या कंपन्या डॉलरमागे ७५ सेंट देऊ करत. तिथल्या बोलीत त्यांना ‘सिक्स-बिट’ कंपन्या म्हणत. आपण बारा आणेवाल्या म्हटले असते. सॅन फ्रान्सिस्कोतल्याच फायरमन्स फंड कंपनीचे कार्यालय दप्तरांसकट जळाले होते. तिने विमेदारांना अर्धे पैसे रोख दिले आणि उरलेल्यांबद्दल नव्या कंपनीचे समभाग. एकूण भरपाई २० कोटी डॉलरांच्या वर गेली. शहरातल्या व्यापारी मंडळींनी ‘भूकंप’ हा शब्द मागे सारून ‘मोठी आग’ म्हणायला सुरुवात केली, त्यामागे हाही हिशेब होता. आग कुठेही लागते. भूकंपाच्या गावात भांडवल कोण ओतणार?

कॅलिफोर्नियात ही वाटणी अजून आहे. भूकंपानंतर लागलेली आग नेहमीच्या घरविम्यात येते, हादऱ्याने झालेली मोडतोड येत नाही. तिच्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात कंपन्यांना जबर फटका बसला आणि त्या नवे घरविमे देण्यासच कचरू लागल्या. म्हणून १९९६ मध्ये राज्याने भूकंपविम्याची खास संस्था उभी केली. तरीही बहुतेक घरमालक हा जादा विमा घेत नाहीत. हप्ता चढा असतो, आणि नुकसानीचा पहिला मोठा वाटा स्वतःच सोसावा लागतो.

आपल्याकडच्या प्रचलित अग्निविम्यातही वादळ-पूर आत आणि भूकंप बाहेर, जादा हप्त्याने जोडायचा, अशीच रचना बरीच वर्षे होती. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ठरवून दिलेल्या ‘भारत गृह रक्षा’ विमापत्रात आग, पूर, भूकंप आणि दरड एकत्र आले. घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामानाचे संरक्षण त्यात आपोआप मिळते. दागिन्यांसाठी मात्र वेगळे सांगावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, तेव्हा कोणते कलम लागू, हा वाद तिथे झालाच नाही. ती गावे पुन्हा वसली ती शासनाच्या योजनेतून आणि जागतिक बँकेच्या कर्जातून.