सोलकरनं १९७४ ला काय केलं? धावफलक, आठवण आणि संशोधकाची गोची



पेटची तयारी करणाऱ्या काही जणांनी गेल्या महिन्यात मला जवळपास एकच प्रश्न विचारला. "आकडे हाताशी असले की वाद मिटतो ना? मग खेळाच्या इतिहासात संशोधन करायला उरतं काय?" उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हा लेख. यात एक जुना वाद आहे, एक क्रिकेटपटू आहे आणि माझी स्वतःची एक चूकही आहे. चूक आधी वाचलीत तर तुमचे सहा महिने वाचतील.

गोंडपिपरीत बसस्टँडजवळ चहाच्या टपरीवर दोन म्हातारे बसतात. एक निवृत्त गुरुजी, दुसरे वनखात्यातून निवृत्त झालेले. दोघांचा एक वाद माझ्या लहानपणापासून चालू आहे. गुरुजी म्हणतात, "१९७४ ला इंग्लंडमध्ये आपले सगळे लोळले, एकटा सोलकर उभा होता." वनखात्यातले काका म्हणतात, "काहून उभा होता? फिल्डिंगसाठी नेला होता न त्याला? किती कॅच घेतले त्यानं? मग!" पुढे चहा थंड होतो, पण वाद काही थंड होत नाही.

संशोधन सुरू केलं तेव्हा मला वाटलं, हा वाद मी आठवड्याभरात निकालात काढतो. धावफलक उपलब्ध आहेत. बघायचं आणि सांगायचं. तिथंच फसलो.

आधी घडलं काय, ते पाहू

१९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारतानं वेस्ट इंडिजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. २४ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हलवर मिळालेला विजय हा इंग्लंडच्या भूमीवरचा भारताचा पहिला कसोटी विजय. १९७२-७३ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला, त्यालाही २-१ असं हरवलं. म्हणजे १९७४ च्या दौऱ्यावर निघालेला संघ लोकांच्या मनात जवळजवळ अजिंक्य होता.

आणि मग ०-३. मँचेस्टरला ११३ धावांनी पराभव, लॉर्ड्सला एक डाव आणि २८५ धावांनी, एजबॅस्टनला एक डाव आणि ७८ धावांनी. लॉर्ड्सच्या दुसऱ्या डावात अख्खा संघ ४२ धावांत गारद झाला. तारीख २४ जून १९७४. हा नीचांक पुढे ४६ वर्षं टिकला. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला ३६ वर सगळे बाद झाले तेव्हा तो मोडला.

लोकांचा राग किती होता? १९७१ च्या विजयानंतर इंदूरमध्ये सिमेंटची मोठी बॅट उभारली होती, ती १९७४ मध्ये विद्रूप केली गेली. वाडेकरांच्या घरावर दगडफेक झाली. त्यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं गेलं आणि ते खेळातून निवृत्त झाले. माणूस तोच. तीन वर्षांपूर्वी त्याच्या गळ्यात हार घालणारेही हेच लोक.

आता सोलकर

एकनाथ सोलकर यांचे वडील मुंबईत हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे. पोरगा तिथंच वाढला. सामने चालू असताना धावफलकावरचे आकडे बदलायचं काम त्यानं केलं. पुढे तो भारताकडून २७ कसोटी खेळला. ही त्याची कारकीर्द आकड्यांत: १०६८ धावा, सरासरी २५.४२. १८ बळी, सरासरी ५९.४४. आणि ५३ झेल.

हे आकडे पुन्हा वाचा. फलंदाज म्हणून बेताचा. गोलंदाज म्हणून तर वगळावा असा. पण झेल? २७ सामन्यांत ५३ म्हणजे सामन्यामागे जवळजवळ दोन. यष्टिरक्षक नसलेल्या क्षेत्ररक्षकासाठी हे प्रमाण कसोटीच्या इतिहासात अगदी वरच्या पंक्तीतलं आहे. तेही फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजापासून दोन-चार पावलांवर, डोक्यावर हेल्मेट नसताना.

अमेरिकन फुटबॉल बघत असाल तर तिथं 'टाइट एंड' नावाची एक जागा असते. त्या खेळाडूला दोन कामं असतात. पुढच्या फळीत उभं राहून प्रतिस्पर्ध्याला अडवायचं, आणि संधी मिळाली की पळत जाऊन पास झेलायचा. झेललेले पास आणि मिळवलेले यार्ड मोजले जातात. अडवण्याचा तसा सोपा आकडा निघत नाही. संघाची फळी कमकुवत असली की त्याला अडवायलाच ठेवतात, साहजिकच त्याचे झेल कमी होतात, आणि हंगाम वाईट गेला की चाहते म्हणतात, "हा काही कामाचा नाही." सोलकर आपल्या संघाचा असाच माणूस होता. नव्या चेंडूवर थोडी षटकं टाकून चकाकी घालवायची, म्हणजे फिरकीवाले येऊ शकतील. सहाव्या-सातव्या क्रमांकावर पडझड सावरायची. आणि फिरकी सुरू झाली की फलंदाजाच्या पायाशी जाऊन उभं राहायचं.

माझी चूक

पहिल्या मसुद्यात मी गुरुजींची बाजू घेतली. लॉर्ड्सचा तो ४२ चा डाव बघा: गावसकर ५, इंजिनिअर ०, वाडेकर ३, विश्वनाथ ५, पटेल १, सोलकर नाबाद १८, आबिद अली ३, मदनलाल २, प्रसन्ना ५, बेदी ०. चंद्रशेखर जखमी असल्यामुळे फलंदाजीला आलाच नाही. अवांतर एकही नाही. म्हणजे ४२ पैकी १८ सोलकरच्या, बाकी नऊ जणांच्या मिळून २४. दोन आकडी धावसंख्या गाठणारा तो एकटा. मी ऐटीत लिहिलं, "यावरून सोलकरची झुंजार वृत्ती सिद्ध होते."

मार्गदर्शकांनी 'सिद्ध' या शब्दाभोवती लाल गोल केला आणि बाजूला एवढंच लिहिलं: "अठरा धावांवरून?"

राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण त्यांचं बरोबर होतं. एका डावावरून वृत्ती सिद्ध होत नाही. त्या १८ धावा ५० वर्षं लक्षात राहिल्या, कारण त्यांच्याभोवती बाकी काहीच नव्हतं. उजाड माळावरचं एकच झाड लांबून दिसतं, याचा अर्थ ते फार उंच आहे असा नाही. गंमत म्हणजे त्याच सामन्यात पहिल्या डावात सोलकरनं ४३ धावा केल्या होत्या. गुरुजींना त्या आठवत नाहीत, कारण तेव्हा इंजिनिअरच्या ८६ होत्या, विश्वनाथच्या ५२ होत्या. पुरावा म्हणून ४३ जास्त वजनदार, आठवणीत मात्र १८. लक्षात राहणं आणि महत्त्वाचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत लिहून ठेवा.

मग काकांचं बरोबर का?

तेही नाही. काका विचारतात, "किती कॅच घेतले?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. त्याच्या खाली भागाकाराची रेघ ओढायला हवी: किती संधींपैकी?

१९७२-७३ च्या घरच्या मालिकेत सोलकरनं पाच कसोटींत १२ झेल घेतले होते. त्या मालिकेत एकट्या चंद्रशेखरनं ३५ बळी मिळवले, म्हणजे सामन्याला सात. आता १९७४ मोजा. मँचेस्टरला इंग्लंडनं ३२८ वर ९ बाद आणि २१३ वर ३ बाद असताना डाव घोषित केले. लॉर्ड्सला सर्वबाद ६२९. एजबॅस्टनला ४५९ वर केवळ २ बाद. बेरीज करा: तीन कसोटींत इंग्लंडचे एकूण २४ गडी बाद झाले. सामन्याला आठ. म्हणजे पूर्वी जेवढं काम एकटा चंद्रा करत होता, साधारण तेवढंच आता सगळे गोलंदाज मिळून करत होते. इंग्लंडच्या धावा झाल्या १६२९, दर गड्यामागे जवळजवळ ६८.

शॉर्ट लेगचा झेल हा एकट्याचा झेल नसतो. चेंडू वळला पाहिजे, उसळला पाहिजे, फलंदाजाच्या मनात शंका हवी, मग तो बॅट आणि पॅडला लागून हवेत उडतो. इंग्लंडच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या थंड, ओलसर हवेत चेंडू शिवणीवर हलतो, म्हणजे त्यांच्या जलदगती गोलंदाजांची चंगळ. आपले फिरकीवाले तिथं बोथट झाले. बेदीनं लॉर्ड्सला सहा बळी घेतले खरे, पण २२६ धावा मोजून. गोलंदाज बोथट झाला की जवळचा क्षेत्ररक्षकही बेकार होतो, त्याच्या हातात दोष नसतानाही. उलट तसं असताना तिथं उभं राहणं जास्त धोक्याचं, कारण सेट झालेला फलंदाज मोकळेपणानं बॅट फिरवतो. हा धोका धावफलकाच्या कुठल्या रकान्यात लिहिणार?

हे मला पुस्तकाआधी कबड्डीनं शिकवलं. दिवाळीनंतर धान निघालं की आमच्याकडे गावोगावी सामने होतात. मी मध्यरक्षक. कोपरारक्षकानं पाय धरला की लोक त्याच्या नावानं शिट्ट्या मारतात. चढाई करणाऱ्याला त्या कोपऱ्याकडे जायला भाग पाडणारा मी, मला माझी आई सोडून कुणी बघत नाही. गुणलेखकाच्या वहीत संघाला एक गुण लागतो, बस.

आठवणीची उलटतपासणी

आता मौखिक इतिहास करू इच्छिणाऱ्यांसाठी थोडं. गुरुजी ठामपणे सांगतात, "४२ वर आऊट झाले ती बातमी मी कंदिलाच्या उजेडात, रेडिओला कान लावून ऐकली." मी हिशोब केला. इंग्लंडमध्ये सकाळी साडेअकराला खेळ सुरू होई, म्हणजे आपल्याकडे दुपारचे चार. शनिवारी बिनबाद २ वर खेळ थांबला होता, रविवारी विश्रांती. सोमवारी डाव जेवणाच्या सुट्टीआधीच आटोपला. म्हणजे गोंडपिपरीत तेव्हा जेमतेम सव्वापाच, साडेपाच. जून महिना. लख्ख उजेड.

मग गुरुजी खोटं बोलतात का? नाही. शनिवारचा खेळ इंग्लंडच्या संध्याकाळी संपला, तेव्हा इथं रात्रीचे अकराच्या आसपास वाजले होते. कंदिलाची रात्र बहुधा ती असावी. किंवा सोमवारी रात्रीच्या बातम्या असतील. पन्नास वर्षांत दोन प्रसंग एकमेकांत मिसळले. अशी साक्ष फेकून देऊ नका. सामन्याच्या वेळेबद्दल ती चुकते, पण जिल्ह्याच्या या टोकाला, गडचिरोली अजून वेगळा जिल्हा झालेला नसताना (तो १९८२ मध्ये झाला), पेरणीच्या दिवसांत एक तरुण मास्तर लॉर्ड्सच्या बातमीसाठी जागा राहत होता, हे ती अगदी बरोबर सांगते. प्रश्न बदलला की तीच साक्ष खरी ठरते.

दुसरं, साधनाची तारीख बघा. सोलकरवर १९७४ च्या पराभवानंतर लगेच लिहिलेलं वेगळं वाचायचं आणि जून २००५ मध्ये त्यांच्या निधनानंतर लिहिलेलं वेगळं. एकात राग असतो, दुसऱ्यात हळहळ. दोन्हींत माहिती असते, पण दोन्हींची वजाबाकी वेगळी करावी लागते.

शेवटी मी काय लिहिलं?

'झुंजार वृत्ती सिद्ध होते' हे वाक्य काढलं. त्याऐवजी लिहिलं: १९७४ मध्ये सोलकरच्या कामगिरीचं मोजमाप झेलांवरून करता येत नाही, कारण झेल निर्माण करणारी यंत्रणाच त्या मालिकेत बंद पडली होती. आणि लॉर्ड्सच्या १८ धावांवरूनही करता येत नाही, कारण तो एकच डाव आहे. त्या दौऱ्याचा दोष एका माणसावर टाकणं, मग तो सोलकर असो की वाडेकर, पुराव्यात बसत नाही.

वाक्य फुसकं वाटतं, कबूल. टपरीवर ते खपत नाही. मी तिथं जाऊन २४ गड्यांचा हिशोब मांडला. काका म्हणाले, "म्हणजे गुरुजी हरले." गुरुजी म्हणाले, "म्हणजे तू हरला." दोघं खूश, चहाचे पैसे मी दिले.

पण वाडेकरांच्या घरावर पडलेले दगड आठवा. ते फेकणाऱ्यांकडेही आकडे होते: ४२, ०-३. आकडे खरेच होते. चुकलं ते आकड्यापासून माणसापर्यंत मारलेल्या उडीत. तुमच्या प्रबंधात तुम्ही शेतकऱ्यावर लिहाल, शाळेवर लिहाल, एखाद्या पडलेल्या सहकारी संस्थेवर लिहाल. तिथंही कुणाचं तरी नाव अशा उडीखाली सापडणार आहे. म्हणून हळू चला.

सरावासाठी एक काम देतो. तुमच्या गावातला असा एक वाद शोधा, ज्यात दोन्ही बाजूंकडे आकडे आहेत. प्रत्येक आकड्याखाली लिहा: हा कुणी मोजला, कशातून मोजला, आणि मोजताना कुणाचं काम सुटलं. पानभर झालं की तुमच्या संशोधन प्रस्तावाचा पहिला परिच्छेद तयार आहे असं समजा.

पुढच्या लेखात गुणलेखकांच्या वह्यांबद्दल बोलू. भेटू.