मार्लवाईची शाळा आणि लांबचे काम

२०२० च्या टाळेबंदीत ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द आपल्या सीमाभागातल्या घराघरांत पोहोचला. हैदराबादच्या नाहीतर पुण्याच्या कंपनीतली मुले गावी बसून कामे करू लागली आणि वडीलधारी मंडळी विचारू लागली, “साहेब समोर नाही, मग काम होते तरी कसे?” या साध्या प्रश्नात तीन गैरसमज दडले आहेत. ही रीत अगदी नवी आहे, हा पहिला. नजरेआड गेलेला माणूस काम करीत नाही, हा दुसरा. आणि कामाचे मुख्य ठाणे मोठ्या शहरातच हवे, हा तिसरा.

रीत नवी नाही, हे पेशवाईच सांगते. नाना फडणीस पुण्यात, त्यांचे वकील गोविंदराव काळे निजामाच्या दरबारी, आणि मधला सारा व्यवहार पत्रांवर. पण ते झाले मुत्सद्द्यांचे काम. रानातल्या वस्त्यांवर विखुरलेल्या साध्या माणसांना असे काम जमेल का? त्याचे उत्तर आदिलाबादच्या मातीतच सापडते.

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम धारातीर्थी पडले. जमिनीचे आणि जंगलाचे दुखणे नुसत्या बंदुकीने बरे होणारे नाही, हे निजाम सरकारला उमगू लागले. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ महायुद्धामुळे त्या वेळी हैदराबाद संस्थानातच अडकून पडले होते. पत्नी बेटी यांच्यासह ते उटनूरकडील डोंगरातल्या मार्लवाई या गोंड खेड्यात येऊन राहिले. १९४३ मध्ये गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र निघाले, तेही राजधानीत नव्हे, जिल्ह्याच्या ठाण्यातही नव्हे, तर याच खेड्यात. तिसऱ्या गैरसमजाला एवढे उत्तर पुरे.

अक्षरओळख असलेले गोंड तरुण तेव्हा मोजकेच, आणि ती ओळखही मराठीची. म्हणून शिकवायचे गोंडीतून, पुस्तके गोंडीची आणि लिपी मात्र देवनागरी, असे ठरले. पुढे मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून कीर्ती मिळवलेले सेतुमाधवराव पगडी हे हैदराबादच्या मुलकी सेवेतले अधिकारी. आदिलाबादेत काम करताना ते स्वतः गोंडी शिकले आणि इथल्या गोंडांवर त्यांनी पुस्तकही लिहिले.

केंद्रात एकत्र राहून शिकलेले हे तरुण मग आपापल्या वस्तीवर पांगले. रोज डोक्यावर उभा राहणारा तपासनीस त्या रानात कुठून येणार? पण शिक्षक त्याच समाजाचा. त्याने शाळा उघडली की नाही, हे पाहायला सारा गाव होता. साहेबाच्या नजरेपेक्षा ही नजर जास्त जागी असते. या शाळांतून शिकलेल्यांमधून पुढे शिक्षक आणि पटवारी निघाले. दुसऱ्या गैरसमजाचे उत्तर हे असे आहे.

मात्र याच्या उलटही एक गैरसमज आहे. लांबून काम जमते, म्हणजे भेटीगाठींची गरजच नाही, असे हल्ली काहींना वाटते. मार्लवाईचा क्रम तसा नव्हता. आधी एका छपराखाली राहणे, एक पुस्तक, एक लिपी, आणि मग पांगणे. एकत्र घालवलेल्या त्या दिवसांची शिदोरी पुढे एकट्याने काम करताना पुरली.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. किनवट आणि राजुरा मराठी मुलखात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले. शाळांत तेलुगू आली आणि गोंडीची देवनागरी पुस्तके मागे पडली. रस्ते पुढे सुधारले, अंतरे कमी झाली, तरी गोंड मुलाला शाळा पहिल्यापेक्षा लांबची झाली. २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि मार्लवाई आसिफाबादकडे गेली. बेटी यांची समाधी आजही तिथे आहे.

दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून एवढे ध्यानात ठेवावे. माणसे दूर गेली म्हणून काम मोडत नाही. त्यांना जोडणारी भाषा आणि एकमेकांवरचा भरवसा गेला, की शेजारी बसलेली माणसेही परकी होतात.