मूत्रपिंडातील निचरा-नळी : पूर्वेतिहास व उपद्रव

पनवेलजवळील कळंबोलीसारख्या ठिकाणच्या रुग्णालयातून पाठीला नळी व पिशवी लावून घरी परतणारा रुग्ण ज्या उपचारावर विसंबून असतो, त्याच्या आधुनिक रूपाचा उगम एका चुकीत आहे. १८६५ साली लंडनमध्ये थॉमस हिलियर यांनी एका मुलाचे तुंबलेले मूत्रपिंड त्वचेतून सुई घालून रिकामे केले होते; परंतु ती वाट पुढे जवळजवळ ओसाडच राहिली. रोहिणीचे चित्र घेताना विलर्ड गुडविन यांची सुई चुकून मूत्रसंचयात शिरली आणि त्यातून १९५५ चा त्यांचा सुप्रसिद्ध निबंध निर्माण झाला.

अशी चूक क्वचितच उपकारक ठरते. रोहिणीच्या शाखेस इजा झाल्यास रक्तस्राव होतो, आणि तो कित्येकदा काही दिवसांनी प्रकट होतो. मॅक्स ब्रोडेल यांनी १९०१ मध्ये दाखविलेली अल्परक्त रेषा यासाठीच महत्त्वाची. पू साचलेल्या मूत्रपिंडात दाबाने रंजकद्रव्य सोडल्यास जंतू रक्तात पसरतात. हा उपद्रव प्राणघातक होय. नळी निसटणे मात्र क्षुल्लक मानले जाते, ते आम्हांस पटत नाही. ताजी वाट लवकर मिटते, आणि पेण वा खालापूरकडे परतलेल्या रुग्णास तीच सुई पुन्हा सोसावी लागते.