नागरी ओढ्यांचे जैव परीक्षण
शहरातून वाहणाऱ्या ओढ्याचे परिस्थितिवैज्ञानिक आरोग्य त्यातील जीवांवरून ठरविण्याची पद्धत. ब्रिटनमधील शाही सांडपाणी आयोगाच्या आठव्या अहवालामुळे (१९१२) पाच दिवसांतील ऑक्सिजनच्या मागणीची रासायनिक कसोटी रूढ झाली. तथापि पाण्याचा नमुना त्या क्षणापुरतेच सांगतो. रात्री सोडलेले दूषित पाणी सकाळच्या नमुन्यात आढळेलच असे नाही. तळाशी राहणाऱ्या जीवांना मात्र सर्वकाळ तेथेच तग धरावा लागतो. आर्. कोलक्विट्स व एम्. मार्सोन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०२–०९ या काळातच प्रदूषणाच्या पातळीनुसार आढळणाऱ्या वनस्पतींच्या व प्राण्यांच्या याद्या सिद्ध केल्या होत्या. स्टोनफ्लाय कीटकांच्या अळ्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो. ट्युबिफेक्स कृमी तो अत्यल्प असतानाही गाळात जगतात. अमेरिकेत जे. आर्. कार यांनी १९८१ मध्ये मत्स्यसमूहाच्या १२ लक्षणांवर आधारलेला निर्देशांक मांडला. पाणी शुद्ध असूनही पात्रातील फेरफारांमुळे झालेली हानी त्यावरून कळू शकते.

मुंबईच्या मिठी नदीला २६ जुलै २००५ रोजी महापूर आला. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला होता. त्यानंतर पात्र रुंद व खोल करणे आणि काठांना भिंती बांधणे यांवर भर देण्यात आला. अशा कामांनी पुराचा निचरा सुधारतो. परंतु तळातील व काठावरील जीवांचा आसरा नाहीसा होतो. म्हणून पात्राची वहनक्षमता वाढली एवढ्यावरून प्रवाह सुधारला असे म्हणता येत नाही. त्यात कोणते जीव परतले, हेही पाहावे लागते.